धाकट्याचे तपकिरी कण

धाकट्या भावाच्या यकृताचा तुकडा टेबलावर आला तेव्हा थोरल्याला आधी काळजी वाटली. काळजी खरी होती, फक्त फार वेळ टिकली नाही. तिच्या मागेच दुसरा विचार रांगेत उभा होता: बघू तरी, आत काय आहे.

थोरला पॅथॉलॉजिस्ट. घरच्या माणसाची तपासणीची काच दुसऱ्या डॉक्टरने बघायची, असा त्याच्या विभागाचा शिरस्ता. पण दुसरे डॉक्टर रजेवर होते, आणि दादा असताना परका कशाला, असं धाकट्यानेच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. धाकट्याचं हे नेहमीचं. मान दिल्यासारखं करायचं आणि काम करून घ्यायचं.

धाकटा पूल बांधायचा. पन्नाशीतही सडपातळ, केस शाबूत. आईला दोघे सारखेच, असं आई म्हणायची. भिंतीवर फोटो मात्र धाकट्याच्या पुलाचा. थोरल्याची तक्रार नव्हती. यकृत दिवाणखान्यात शोभत नाही, हे त्यालाही कळत होतं.

आता धाकट्याने आजारपणातही वेगळेपण राखलं होतं. थकवा, बोटांचे सांधे दुखणं, बिघडलेल्या चाचण्या. डॉक्टरही चक्रावलेत, हे तो पदवी मिळाल्यासारखं सांगायचा. आई थोरल्याला म्हणाली, "त्याचं काहीतरी फारच निराळं आहे रे. तुझं आपलं बरं, साधं ब्लडप्रेशर."

थोरल्याने काच मायक्रोस्कोपखाली लावली. पेशींमध्ये तपकिरी कण साठले होते. पेशीचंही आपल्या घरासारखंच असतं. जे बाहेर टाकता येत नाही ते कोपऱ्यात साचत जातं. कधी पित्त, कधी लोह, कधी नुसती वयाची झीज. तपकिरी सगळेच दिसतात. वयाची झीज निरुपद्रवी, कुणाच्याही यकृतात सापडेल अशी. थोरल्याला ती मनापासून आवडली. निराळं कसलं, म्हातारा होतोयस गड्या. त्याने 'वयोमानानुसार' असं लिहूनही टाकलं.

सही करण्याआधी सवयीने पुन्हा डोकावला. कण चुकीच्या गल्लीत होते. वयाची झीज मधल्या शिरेभोवती जमते. हे कण कडेला, रक्त जिथून आत शिरतं तिथे दाटले होते. शिकाऊ डॉक्टरने ही चूक केली असती तर थोरल्याने त्याची विभागभर वरात काढली असती. तुकड्याच्या पातळ कापावर खास रंग टाकला की लोहाचे कण निळे होतात, इतकं सोपं होतं. पण लोह निघालं तर आजार जन्मजात, म्हणजे पुन्हा निराळाच. वेळेत सापडला तर थोपवता येणारा. नाहीतर यकृताचा दगड. 'वयोमानानुसार' या शब्दाच्या भरवशावर धाकटा खुशाल मेला असता.

थोरला चहा पिऊन आला. चहा गार होता, तरी सगळा प्यायला. मग दुसरा काप रंगवायला पाठवला.

काच निळीशार होऊन आली. इतकी देखणी काच त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. अर्थात. यकृत धाकट्याचं होतं.

त्याने रिपोर्ट बदलला, सही केली आणि धाकट्याला स्वतः फोन केला. नियमाने रक्त काढत राहिलं की लोह उतरेल, यकृत अजून हातचं गेलेलं नाही, असं समजावलं. सख्ख्या भावानेही तपासून घ्यावं लागतं, हेही सांगितलं. मग धाकट्याने विचारलं, "म्हणजे दादा, तुलाही असेल?" आवाजात भीती होती की आशा, ते थोरल्याला ठरवता येईना.

थोरल्याची तपासणी झाली. काही निघालं नाही. हे त्याने धाकट्याला जरा ओशाळूनच कळवलं.

"हो का," धाकटा म्हणाला. आणि पुढे, "तुझं नेहमी असंच. शाळेत सरांच्या तोंडी तुझंच नाव. बाबा शेवटपर्यंत तुझ्याकडेच राहिले, माझ्याकडे त्यांना करमेना. आता हेही माझ्याच वाट्याला."

हा सूर थोरल्याला आतून पाठ होता. फक्त दुसऱ्याच्या गळ्यातून तो पहिल्यांदाच ऐकत होता. तसं काही नाही रे, असं तो म्हणाला खरा. पण हात आपोआप खुर्चीकडे गेला. खुर्ची ओढून तो नीट टेकून बसला.

"बोल ना," त्याने मायेने विचारलं, "अजून काय काय?"