खडीसाखरेला मज्जाव

ढोकीत आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. त्यात गावाला साखर कारखाना, शिवारभर ऊस. म्हणजे माया दाखवायची ती गोडानंच. उत्कर्षच्या गालात कॅन्सरची गाठ निघाली, सोलापूरला किरणांच्या मशीनचे शेक सुरू झाले, आणि त्याच्या आईच्या, दीपमालाच्या घरी पेढे, काकवी, गूळ यांची रीघ लागली. पोरगं आठ वर्षांचं. दुधाचे पडून पुढचे दात आत्ता कुठे आलेले.

दीपमालाचं या मायेशी उभं वैर होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, शेकानं लाळ आटते, आणि लाळ आटली की दातांच्या कवचाला राखण उरत नाही. मग साखर त्याला वाळवीसारखी पोखरते. पुढं दात काढायची पाळी आली, तर शेकलेला जबडा धड भरूनही येत नाही. म्हणून मऊ ब्रश, घोटघोट पाणी, आणि झोपताना दातांच्या मापाच्या साच्यांत औषधाची जेली भरून ते दातांवर बसवायचे. तोंड आतून सोललेलं, पोरगं रडायचं, हात झिडकारायचं. दीपमाला त्याला मांडीत धरून बसायची आणि सोडायची नाही. गाव तिला कैदाशीण म्हणायचं. म्हणेना का!

त्या दिवशी चुलत सासरे उत्तरेश्वर काकवीचा डबा घेऊन आले. मागोमाग आळीतल्या दोन बायका. दीपमाला चहा टाकायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर उत्कर्षचा एक गाल फुगलेला. तिनं त्याची हनुवटी धरली.

"आ कर."

गालात खडीसाखरेचा खडा होता.

"म्या दिला," सासूबाई द्वारकाबाई म्हणाल्या. "रोजच देते. तोंडाला कोरड पडलीया लेकराच्या. खडा चघळला की जरा पाणी सुटतंय. आमी जलमभर ह्येच केलं."

रोजच! इतके दिवस दीपमाला दारावर पहारा देत होती, आणि चोर घरातच माया करत बसला होता. तिनं बोट घालून खडा काढला आणि अंगणात भिरकावला.

उत्तरेश्वरांचा आवाज चढला. "सूनबाई, पोराच्या जिवावर बेतलंय अन् तू दात राखत बसलीस? मागंल ते खाऊ घाल की त्येला. उद्याचं कुणी बघितलंय?"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेव्हा दीपमालाला लख्ख कळलं. ही माणसं भेटायला येत नव्हती, निरोप द्यायला येत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मामा, तुमी वडीलधारे हायसा. पण इच्छा पुरवत्यात ती जायच्या माणसाची. माझं पोरगं कुठं चाललं न्हाय. त्येला भाकरी चावायचीय, फुटाणे फोडायचेत, दातानं ऊस सोलायचाय. त्यो डबा उचला."

उत्तरेश्वरांनी डबा उचलला आणि चहा न घेताच तरातरा निघून गेले. उत्कर्ष आईच्या पदराआडून बघत होता. द्वारकाबाईंचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी विचारलं, "पर ह्ये साचे, ह्ये पथ्य, कुठवर चालवायचं गं?"

"जलमभर, आत्या. शेक थांबले तरी बी. लाळ पुन्हा पहिल्यावानी येईल का न्हाय, डॉक्टरीणबाईंना बी सांगता येईना."

जन्मभर. गाठ निघाल्यापासून त्या घरात पुढच्या सणाचं नावही कुणी काढलं नव्हतं. द्वारकाबाई नातवाकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून उठल्या आणि अजून मुसमुसणाऱ्या त्या बायकांवर खेकसल्या,

"रडायचं आसंल तर आपापल्या घरी जावा. माझ्या नातवाला म्हातारा होऊस्तवर दात लागणार हायत."