जोसेफची मेमरी

खांडबाऱ्याच्या बाजारात त्या दिवशी मिरच्यांचे ढीग तसेच पडून होते आणि सारी गर्दी एका भगव्या ताडपत्रीखाली कोंबली होती. तिथे मेलेला पोरगा लॅपटॉपमधून बोलत होता.

“माय, मी बोली ऱ्हायनू. ऐकू येस का?”

“येस रे बाप, येस!” हिरीबाईने हंबरडा फोडला. बायका रडल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. तिचा जोसेफ गेल्या पावसाळ्यात ट्रकखाली गेला होता.

स्मृतिनाथ महाराज डोळे मिटून गरजले, “जीबी म्हणजे जीवबीज! आत्मा वर क्लाउडमध्ये, मेमरी वाढली की खाली डाउनलोड! इथे हिंदू-ख्रिस्ती भेद नाही माई, फक्त नेटवर्क पाहिजे!”

ही बडबड ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इथल्या शाळेत संगणक शिकवतो. मला ओढत आणलं होतं जोसेफच्या बहिणीने, रंजनाने. वाटेत तिने सगळं सांगितलं. जोसेफचा लॅपटॉप फार रखडायला लागला, तेव्हा दुकानदार म्हणाला, “मावशी, मेमरी कमी पडते, वाढवा.” हिरीबाईने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला, मेमरी म्हणजे आठवण. “ह्यामा मन्हा जोसेफनी याद शे, ती कमी हुई ऱ्हायनी,” असं म्हणत ती महाराजांकडे गेली. त्यांनी लॅपटॉप ‘साधनेला’ ठेवून घेतला आणि पुढच्या बाजारी आतली डिस्क ‘मृत्युदोष आहे’ म्हणून होमात टाकली.

“सर, दर बाजारी तेच एक वाक्य,” रंजना म्हणाली. “नाताळचं गाणं रेकॉर्ड करायच्या आधी दादा माईक तपासत होता, तेव्हाचं.”

मी पुढे सरलो. “महाराज, जोसेफला विचारा, त्याच्या बहिणीचं नाव काय?”

“माय, मी बोली ऱ्हायनू. ऐकू येस का?”

“आत्म्याची परीक्षा घेतोस?” महाराज कडाडले.

मी लॅपटॉप पालथा केला आणि बॅटरी काढून हातात धरली. जोसेफ बोलतच राहिला. गर्दी आणखीच दिपली. एक म्हातारा तर माझ्याच पाया पडला. आता काय करावं अशा लोकांचं! तेवढ्यात रंजनाने महाराजांच्या आसनाचं कापड ओढलं. खाली डबीएवढा ब्लूटूथ स्पीकर होता. महाराजांच्या कमरेच्या मोबाईलवरून आवाज त्यात येत होता.

मी ओरडून सांगितलं, “दुकानदार म्हणाला ती मेमरी म्हणजे लॅपटॉपची रॅम, ती चुलीपुढची जागा आणि डिस्क म्हणजे धान्याची कणगी. जागा अपुरी असली की स्वयंपाक रखडतो, धान्य कमी होत नाही. रॅमची फक्त एक पट्टी बसवायची होती. ती कुठल्या जातीची लागते, डीडीआर थ्री की फोर, आणि आत रिकामी खाच आहे का, एवढंच बघायचं होतं. जोसेफचा आवाज कणगीत सुखरूप होता. ह्याने त्यातला एक तुकडा स्वतःच्या मोबाईलवर उतरवला आणि कणगीच जाळली. का? तर मायने दर बाजारी ह्याच्याच पायाशी यावं म्हणून!”

लोक धावून गेले. त्या झोंबाझोंबीत कमरेचा मोबाईल सांभाळत महाराज बाजारामागच्या रेल्वे रुळांच्या दिशेने पळाला. पोलिसांत तक्रार दिली, पण तो सापडला नाही आणि मोबाईलही नाही.

हिरीबाई तिथेच बसून होती. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “सर, आवाज तरी व्हता ना. तुम्ही मन्हा पोऱ्याले परत मारी टाकं.”

मी खरं तेच सांगितलं, हे मला ठाऊक आहे. ते तिला पटवणं मला अजून जमलेलं नाही, आणि त्याचं दुःख मला होतं.

म्हणून तुम्हाला सांगतो. कुणी न समजणारा शब्द वापरला की तिथेच अडवून विचारा, ‘म्हणजे काय?’ लाजू नका. आणि आपण जाणते म्हणवणाऱ्यांनी समोरच्याला कळेपर्यंत सांगावं. आपण अर्धवट सोडलेलं वाक्य कुणीतरी बाबा पुरं करतो. त्या दुकानदाराने हिरीबाईला आणखी दोन वाक्यं सांगितली असती, तर जोसेफचा आवाज आज त्याच्या घरी असता.