उपवासाचं रक्त

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ चंद्रमोहन लंडनहून रसायनशास्त्राचा डॉक्टर होऊन आला, तेव्हा आमच्या बेटावरच्या त्रियोले गावातल्या बायका त्याला जीभ काढून दाखवायला लागल्या. "मी तसला डॉक्टर नाही," तो म्हणायचा. "मग कसला?" कुंतीमावशी विचारायची, पण जीभ आत घ्यायची नाही.

डॉक्टर होऊनही त्याचं शिक्षण चालूच होतं. लंडनच्या एका हॉस्पिटलात रक्तातली साखर कशी मोजायची, आणि आलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे तो आणखी दोन वर्षं शिकत होता. माझ्या बायकोला, पुष्पावतीला, हे पटत नसे. "डॉक्टर झाल्यावर परत शाळा? नापास झाला असेल, सांगत नाही."

१९६२ साली तो आला तो काम घेऊनच. सकाळी काही खाण्याआधी आपल्या बेटावरच्या धडधाकट माणसांच्या रक्तात साखर किती असते, हे कुणी मोजलेलं नव्हतं. त्याच्या प्रोफेसरनं त्याला ते मोजून आणायला सांगितलं होतं. पुष्पानं देवळाच्या मंडळातल्या चाळीस बायका जमवल्या. तिला स्वतःला त्या वर्षी फार तहान लागायची, चोळ्या सैल होत चालल्या होत्या. चंद्रमोहन म्हणाला, "ताई, तुझंही रक्त घेतो. काय आहे ते कळेल तरी."

आधी बैठकेत, म्हणजे आमच्या मराठी शाळेत, त्याचं भाषण ठरलं. मंडळाचे अध्यक्ष सत्यदेव यांनी अट घातली: शुद्ध मराठीत बोलायचं, बाजारातल्या क्रेओल बोलीचा एक शब्द नको. "आपला विद्वानच क्रेओल बोलला तर पोरांना आम्ही कोणत्या तोंडानं शिकवायचं?" चंद्रमोहनचं मराठी गंजलं होतं. मी साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरीला होतो, पण रविवारी बैठकेत मराठी शिकवायचो. म्हणून तो माझ्याकडे आला.

"दाजी, फास्टिंगला मराठीत काय म्हणतात?"

मला पहिला शब्द सुचला तो 'उपाशी'. पण त्या शब्दावरून उसाच्या मळ्यातल्या मजूर छावणीचे दिवस आठवले. रेशन बंद झालं की माझा बाप तो शब्द वापरायचा. चाळीस बायाबापड्यांना उपाशी या असं आमंत्रण कसं द्यायचं?

"उपवास," मी सांगितलं. त्यानं तो इंग्रजी अक्षरांत लिहून घेतला.

"शनिवारी सकाळी सर्वांनी उपवास करून यावे," तो भाषणात म्हणाला. टाळ्या पडल्या. सत्यदेवांनी डोळे पुसले.

शनिवार म्हणजे मारुतीचा, हे पुष्पानं ठरवून टाकलं. पहाटे उठून तिनं टोपलंभर रताळी उकडली, दूध साखर घालून तापवलं, केळी मांडली. बायका न्हाऊन आल्या, आमच्या स्वयंपाकघरात फराळ केला आणि समोर बैठकेत गेल्या. तिथं चंद्रमोहन सुया, बाटल्या घेऊन बसला होता. मी शेजारी नावं लिहीत होतो.

"उपवास केला?" तो प्रत्येकीला विचारायचा.

"केला."

"कडक केला," भगवती म्हणाली. "मीठसुद्धा नाही."

तो खूश होऊन खूण करायचा. मीही सकाळी दोन रताळी खाल्ली होती, पण मला कुणी विचारलं नाही. पुष्पा शेवटी आली. वाढण्याच्या गडबडीत तिनं तोंडात काही घातलं नव्हतं.

लंडनच्या पुस्तकात शंभरच्या आतबाहेरचे आकडे होते. आमच्या बायकांचे आले दीडशे, एकशेसाठ. चंद्रमोहननं सगळं तीनदा तपासलं. पद्धत बरोबर होती, हात बरोबर होता. प्रोफेसरचं पत्र आलं: फार महत्त्वाचा शोध आहे, तुमच्या लोकांची घडणच वेगळी दिसते.

पुष्पाचा आकडा एकशे अठ्ठावन्न होता.

"ताई, तू अगदी नॉर्मल," तो म्हणाला. "आपल्या लोकांचं असंच असतं."

पुष्पाला तो शब्द फार आवडला. तू वाळलीस असं मी म्हटलं की ती म्हणायची, "अहो, मी लंडनची नॉर्मल आहे. माझ्या नादी लागू नका." आणि चहात तिसरा चमचा साखर घालायची. साखरही आमच्याच कारखान्याची.

चंद्रमोहनचं शिक्षण पुरं झालं. त्याचा लेख छापून आला. तिकडेच एका हॉस्पिटलात त्याला प्रयोगशाळा मिळाली.

१९६६ मध्ये परसात पुष्पाच्या पायाला पत्रा लागला. जखम भरेना. हॉस्पिटलात नेली तर आमच्यातलीच इंद्राणी नावाची नर्स होती. तिनं मला अर्ध्या क्रेओलमध्ये बजावलं, "उद्या रक्त घ्यायचंय. पा मांझ नार्ये. काही म्हणजे काही खायला द्यायचं नाही."

"रताळं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "रताळं म्हणजे काही नाही का, काका?"

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. चार वर्षांपूर्वीचं ते टोपलं मला दिसायला लागलं. रक्तात मधुमेह निघाला. अकरा दिवसांनी पुष्पा गेली.

वर्षश्राद्धाला चंद्रमोहन आला. छापलेला लेख त्यानं बरोबर आणला होता. शेवटी इंग्रजीत बहिणीचे आभार मानले होते. मी त्याला रताळ्यांचं सांगितलं.

"मी प्रत्येकीला विचारलं होतं, दाजी."

"आणि प्रत्येकीनं खरं सांगितलं."

"ताईनं काय खाल्लं होतं?"

"काही नाही. ती वाढत होती."

त्यानं चष्मा काढून हातात धरला. सगळ्याजणींत एकटी तीच खरी रिकाम्या पोटी होती, आणि तिचा आकडा खाऊन आलेल्यांइतका होता. हे मला त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मला काय माहीत? तू शब्द विचारलास, मी दिला. चांगला वाटला तो दिला."

तो म्हणाला, "बाकीच्यांचं काय? त्यांनाही मी नॉर्मल म्हणून ठेवलंय."

या खेपेला मी स्वतः घरोघर गेलो. कुंतीमावशी म्हणाली, "परत उपवास का रे?"

"उपवास नाही, मावशी. उपाशी यायचं."

"शी! असं कुणी बोलावतं का?"

"पा मांझ नार्ये," मी म्हटलं. सत्यदेव बैठकेच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि मान दुसरीकडे वळवली.

शनिवारी छत्तीस बायका कुरकुरत आल्या. बत्तीसजणींचे आकडे लंडनच्या पुस्तकातल्यासारखे निघाले. चौघींचे नाहीत. त्यात भगवती होती, एकशे बासष्ट. तिला त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. लेख चुकीचा आहे असं पत्र चंद्रमोहननं माझ्यासमोर लिहिलं, त्यातला एकही शब्द मला विचारला नाही.

त्या सकाळी रक्त देऊन झाल्यावर बायका फराळाला म्हणून सवयीनं आमच्या घराकडे वळल्या. भगवती सगळ्यांच्या पुढे स्वयंपाकघरात शिरली आणि तशीच उभी राहिली. मी चूल पेटवायचं विसरलो होतो.