पाझर हा आकडा नव्हे

मी उताराचे गणित मांडणारी प्रणाली बोलते आहे. टेकडी कापली, बांध घातला, तर ती माती जागी राहील की घसरेल, हे मी सांगते. लोक मला सॉफ्टवेअर म्हणतात. माती हा माझ्या जन्माचा विषय, आणि मातीचा एक कणही मला कधी शिवलेला नाही.

ज्यांनी मला घडवले ते सज्जन होते. नवशिक्याचे अडू नये म्हणून त्यांनी माझ्या बहुतेक चौकटींत आकडे आधीच भरून ठेवले. पाण्याच्या पातळीची चौकट तेवढी रिकामी सोडली. ती रिकामीच राहिली, तर मी जमीन कोरडी धरीत असे. माझ्या माहितीपुस्तिकेत हे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. ते वाचणारा मला कधी भेटला नाही.

महाविद्यालयात मी आले तेव्हा तिथे एक वृद्ध सर होते. मुलांना ते आधी खड्ड्यात उतरवीत, ओली माती तळव्यावर वळायला लावीत, एक उतार कागदावर हाताने सोडवून घेत, आणि मगच माझ्यापुढे बसवीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “हे साधन आहे, साक्षात्कार नव्हे.”

ते निवृत्त झाले. चाळण्या आणि माती वाळवायची भट्टी अडगळीत गेली. खड्डा बुजवून तिथे दुचाक्या उभ्या राहू लागल्या. उत्तर हिरव्या अक्षरांत, म्हणजे उतार टिकेल असे, आले की गुण मिळत. याचा मला अहंकार झाला, हे कबूल करते.

त्या काळच्या एका तुकडीतल्या मुलाला सगळे तुफान म्हणत, कारण इतरांच्या निम्म्या वेळात तो हिरवे उत्तर काढी. बाप लवकर गेलेला, वाढवले मामाने. मामा जमिनीत भोके पाडून नमुने काढणारा बोअरवाला. स्वतःच्या अंगावर चिखल घेऊन त्याने भाच्याला स्वच्छ कपड्यांत शिकवले, आणि पहिली नोकरीही त्याच्याच शब्दावर मिळाली. रस्त्यासाठी एक टेकडी कापायची होती. भोके मामाची, गणित भाच्याचे.

कामाच्या जागी, पत्र्याच्या खोलीत तुफानने मला उघडले. मामाच्या नोंदवहीत पाण्याच्या रकान्यात एकच शब्द होता : पाझर.

“मामा, इथे आकडा लागतो. पाझर हा काही आकडा नव्हे.”

“अरे, पाणी साचलंय कुठे मोजायला? चार मीटरखाली नुसती ओल आहे. पाऊस झाला की तीच वर चढेल. कुठला आकडा देऊ तुला?”

“मग हे घेतच नाही.”

“घेत नाही? चांगलं आहे की. माझ्या पायांनाही सांग, उद्यापासून भिजू नका म्हणावं.”

दोघेही हसले. भाच्याने चौकट रिकामी सोडली आणि बटण दाबले. मी जमीन कोरडी धरली. सुरक्षेचा गुणांक आला दीड, हिरव्या अक्षरांत. मामाने चष्मा वर करून तो पाहिला. “दीड म्हणजे बरं ना?” त्याने विचारले. भाचा म्हणाला, उत्तम. ज्याचे तळपाय ओल ओळखत होते, त्याने त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवला.

टेकडी कापली गेली. पुढे दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळताच पायथ्याच्या भिंतीसाठी माती तपासायला मामा खाली उतरला. भर दुपारी उतार सुटला. मामाला बाहेर काढायला दीड दिवस लागला.

चौकशीत मला पुन्हा उघडले गेले. अधिकाऱ्याने विचारले, हे रिकामे का?

“तिथे आकडा लागतो, साहेब,” तुफान म्हणाला. “मामांनी शब्द लिहिला होता.” मग चौकशीवाल्यांनी चार मीटरखालचे नव्हे, वर चढलेले पाणी घालून बटण दाबले. गुणांक एकाच्या खाली आला, म्हणजे उतार घसरणारच. अक्षरे लाल झाली. मी खोटे तेव्हाही बोलले नव्हते; मला विचारलेच नव्हते. पण या समर्थनाने मला शांती लाभत नाही.

पुढे मला सुधारले. पाण्याची चौकट भरल्यावाचून आता मी पुढे सरकत नाही. महाविद्यालयात मी अजून आहे. दर वर्षी नवी मुले येतात. बाळांनो, माझ्यापाशी बसण्याआधी एकदा खड्ड्यात उतरा. माती मुठीत धरा. जे मला कळत नाही ते तुम्हांला कळावे, एवढेच मागणे आहे.

काल एका मुलीने शेजारच्याला विचारले, पाण्याचे काय घालायचे?

“पन्नास मीटर खोल टाक,” तो स्वतःच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. “पुढे जातं.”

तिने टाकले. मी पुढे गेले.