भस्माचा उपास

अमावास्येच्या सकाळी पंचवटीतल्या त्या बोळात रिक्षासुद्धा शिरत नसे, एवढी माणसं लोटत. घोटीची, येवल्याची, पार सुरगाण्याकडची. कुणी लेकराला पाठुंगळी घेतलेलं, कुणी बहिणीचा हात घट्ट धरलेला. सगळ्यांच्या घरी दुखणं एकच, फिट्स. आणि सगळ्यांच्या तोंडी नाव एकच, धूम्रनाथ महाराज.

"फिट हा रोगच नव्हे!" महाराज ओट्यावरून गरजत. "मस्तकात शिरलेली बाधा आहे ती! डॉक्टरांच्या गोळ्या टाका गोदेत. आमचं भस्म रोज पोटात गेलं की बाधेचे पाय बांधतं. पण अमावास्येआधी चार-पाच दिवस भस्माचा उपास, चिमूटभरही घ्यायचं नाही. तेव्हा आम्ही बाधेला मोकळी सोडतो, इथं बोलावतो आणि तुमच्यादेखत बांधतो!"

आणि खरोखरच गर्दीत कुणीतरी धाडकन कोसळे, हातपाय झाडू लागे. महाराज त्याच्या कपाळाला भस्म फासून मंत्र पुटपुटत. दोन-तीन मिनिटांत झटका थांबे आणि जयजयकार होई.

येवल्याची अंजली आई विमलाबाईंबरोबर इथं यायची. हातमागावर पैठणी विणणारी, विशीतली मुलगी. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिच्या फिट्स आटोक्यात होत्या, पण त्या गोळ्यांवरूनच तिचं ठरलेलं लग्न मोडलं. विमलाबाईंनी रागाने गोळ्याच बंद केल्या. झटके परतले. मग महाराज भेटले, भस्म सुरू झालं आणि झटके थांबले. अमावास्या सोडली तर एकही नाही.

विमलाबाई धन्य झाल्या. अंजलीला मात्र खटकत होतं. दिवसभर डोळ्यांवर येणारी ही झापड तिच्या ओळखीची होती. आता तर पदरावरच्या एका मोराचे दोन दिसत, चालताना तोल जाई.

"आई, गोळ्या घेताना अशीच सुस्ती यायची गं मला."

"गप! भस्माला नावं ठेवू नये."

गेल्या अमावास्येला घोटीचा नवनाथ पडला, तो शुद्धीवर येईना. एक झटका ओसरतो न ओसरतो तोच दुसरा. महाराजांचे मंत्र संपले. शेवटी लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तो थोडक्यात वाचला. "उपास मोडला असेल त्यानं," महाराज म्हणाले. पण नवनाथने उपास कडक पाळल्याचं त्याच्या बायकोने अंजलीला रडत सांगितलं होतं. अंजलीच्या मनातली शंका आता गप्प बसेना.

त्यातच तिच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, ब्रश केला की रक्त येई. ती येवल्यातल्या दातांच्या डॉक्टर कौसर यांच्याकडे गेली. त्यांनी तिचं तोंड बघितलं.

"फिट्सची कुठली गोळी घेतेस?"

"गोळी नाही घेत. महाराजांचं भस्म घेते."

"तुझ्या हिरड्या वेगळंच सांगतायत," कौसर म्हणाल्या. "फिट्सवरच्या एका जुन्या गोळीनं हिरड्या अशा वाढतात. बऱ्याच जणांच्या."

त्यांनी तिला नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्ततपासणीत तीच गोळी सापडली, आणि तीही हवी त्याहून कितीतरी जास्त. भस्माच्या पुडीतही तीच निघाली. विमलाबाई मट्‌कन खुर्चीत बसल्या.

"म्हणजे माझ्या लेकीला झटके यायचे थांबले, ते गोळीनंच?"

कौसर यांनी तक्रार केली. पुढच्या अमावास्येचा उपास सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, पुड्या न्यायला माणसं जमली असतानाच, औषध प्रशासनाचे अधिकारी ओट्यामागच्या खोलीत शिरले. आत मिक्सर होता, राखेचं पोतं होतं आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग होता.

"हे कारस्थान आहे!" महाराज ओरडले. "भस्म हिमालयातून येतं!"

गर्दी अधिकाऱ्यांवर खवळली. अंजली ओट्यावर चढली.

"मी येवल्याची अंजली. मलाही फिट्स येतात. शेजारच्याचं तोंड उघडून हिरड्या बघा. आणि सांगा, एकाचे दोन कुणाकुणाला दिसतात?"

मग एका बाईने मुलाचा ओठ वर केला. दुसरीने नवऱ्याचा. सुजलेल्या, लालबुंद हिरड्या जिथेतिथे दिसू लागल्या. हात वर होऊ लागले.

"बाधा हिरड्यांतून निघतेय!" महाराज म्हणाले. या वेळी जयजयकार झाला नाही.

अधिकाऱ्यांबरोबर आलेल्या डॉक्टर कौसर पुढे आल्या. "मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक इशाऱ्यांनी बोलतात. फिट येते तेव्हा त्या एकदम भडकतात. ही गोळी त्यांना आवरते. जास्त झाली, तर झापड येते, तोल जातो. आणि चार दिवस अचानक बंद केली, तर पेशी दुप्पट भडकतात. अमावास्येला बाधा येत नव्हती. उपासानं फिट आणली जात होती. आणि बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपसूकच थांबते, मंत्र असो वा नसो."

"नवनाथची थांबली नव्हती," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच तो मरायला टेकला होता."

सुरगाण्याकडच्या भागीबाईंनी हातातली पुडी दाखवली. "मंग ही फेकू का?"

"नाही!" अंजली एवढ्या मोठ्याने ओरडली की महाराजही दचकले. "तीच चूक करू नका. एकदम काहीच बंद करायचं नाही. पुडी घेऊन आत्ताच सरकारी दवाखान्यात चला. तिथं रक्त तपासतील, मोजून गोळी देतील. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायचं, ते मात्रा कमी करतील, गोळी बदलतील. आपण मनानं सोडायची नाही. आमच्या घरानं सोडली होती. हे औषधच होतं, बाबांनो. फक्त नाव लपवून दिलेलं. जो नाव सांगत नाही, मात्रा सांगत नाही, त्याच्या हातून काहीही घेऊ नका."

विमलाबाईंनी भागीबाईंचा हात धरला. "चला बाई," त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे रस्ता."