चोविसातलं निळं घर

पुनर्वसन कार्यालयात सत्यवतीबाईंनी पिशवीतून गोधडी काढली, तेव्हा कारकुनाने चहाचा कप बाजूला सरकवून टेबलावर जागा करून दिली. माणूस वाईट नव्हता. बाईंनी गोधडी पसरली. तिच्यावर चोवीस घरं होती, एकेक वीतभर चौकोनाचं, चिंध्या जोडून केलेलं. कुठे पोपटी भिंत, कुठे राणी रंगाची, कुठे हळदीच्या भिंतीला जांभळं दार. नाल्याकाठची त्यांची वस्ती जशी होती तशी, घरामागून घर, मुलांनी शिवली होती.

बाईंनी तिसऱ्या ओळीतल्या निळ्या घरावर बोट ठेवलं. त्याच्या दाराशेजारी लाल दोऱ्याने लिहिलं होतं, १७-अ.

"हे पाहा साहेब. नंबर होता भिंतीवर. पोरीनं पाहून पाहून शिवला आहे."

कारकून वाकला. त्याने अंकावरून बोटही फिरवलं.

"आजी, काम लय सुंदर आहे. पण आमाले भिंतीवरचा नंबर पाह्यजे, अन् त्याच्यासमोर उभ्या कुटुंबाचा फोटो. गोधडी कुठं लावू मी फायलीले?"

मग बाईंनी सकाळपासून मनात घोळवलेलं विचारलं. त्यांचं नाव नव्या खोल्यांच्या यादीत होतं. त्या एकट्या, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. हुडकेश्वरच्या पलीकडे मिळणारी त्यांची खोली निळ्या घरातल्या अंकुशच्या कुटुंबाला द्यावी, आपण कुठेही राहू. कारकुनाने मान हलवली. तसं होत नव्हतं. बाईंनी खोली सोडली तर ती सरकारजमा होणार, अंकुशला मिळणार नव्हती. हरकतीची मुदतही आठ दिवसांपूर्वी संपली होती. अंकुश तीनदा कामावर खाडे करून येऊन गेला होता. पण लाइटचं बिल त्याच्या बापाच्या, बळीरामच्या नावाने होतं, आणि बळीराम जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बाई खाली उतरल्या. बसथांब्यावर जागा होती, तरी त्या उभ्याच राहिल्या.

अंगणवाडीत त्यांची एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतरही मुलं सुटली नाहीत. दर रविवारी विहाराच्या ओसरीवर दहा-बारा मुली आणि दोन-चार पोरं शिवण शिकायला जमत. अंकुश बुटीबोरीच्या कापड कारखान्यात हमालीवर होता. तिथल्या कातरणाची गोणी महिन्याकाठी आणून टाकायचा. वस्ती पाडणार हे डिसेंबरात कळलं. माणसं आली, घरं मोजली, गेरूने भिंतींवर आकडे टाकून गेली. तेव्हा बाई मुलांना म्हणाल्या, आपापलं घर, शेजारचं घर नीट पाहून या. दार कोणत्या बाजूला, खिडकी किती, रंग कोणता. मग शिवा.

बाईंचे नियम थोडे होते. टाका तांदळाएवढा. चुकला तर उसवायचा, रडायचं नाही. उसवलेला दोरा फेकायचा नाही, बोटाला गुंडाळून डब्यात ठेवायचा. अंकुशची मयुरा, दहा वर्षांची, हे सगळं वेदवाक्यासारखं पाळायची. तिने निळं घर केलं आणि वर लाल दोऱ्याने नंबर काढला. बाईंना तो आवडला नव्हता.

"तो कायले घेतला वं? तो काही आपल्या घराचा नाही."

"भिंतीवर आहे न बाई. तुमीच म्हनलं, पाहून शिवा."

नंबर राहिला.

एप्रिलात जयंती आली. घर राहो की जावो, चौदा तारखेला भिंत मळकी ठेवायची वस्तीत रीत नव्हती. मयुराची आई भावना भिवापूरला माहेरी होती, मिरचीचे देठ खुडायच्या कामाला. अंकुशची पाळी सकाळची. त्याने चुना आणि नीळ आणून ठेवली होती, पण हात कोण लावणार? बाई पदर खोचून गेल्या. सोबत मयुरा. दोघींनी सकाळभर भिंत रंगवली. दाराजवळ येऊन मयुराचा कुंचा थांबला.

"बाई, इथं नंबर आहे. याच्यावरून मारू का?"

बाई शिडीवर होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पोलिओचे डोस पाजून झाले की घराघराच्या भिंतीवर खूण करायचं काम अंगणवाडीचंच. वर्षानुवर्षं त्यांनी याच भिंतींवर खुणा केल्या होत्या आणि दर जयंतीला त्या चुन्याखाली जाताना पाहिल्या होत्या. त्याने कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"मार," त्या म्हणाल्या. "जयंतीले भिंतीवर डाग नको."

पहिल्या हाताला गेरू चुन्यात विरघळून भिंत गुलाबी झाली. दुसऱ्या हाताला फिकी. तिसऱ्या हाताला निळी.

चार दिवसांनी फोटो काढणारे आले. बाईंचा नंबर टिनाच्या दारावर होता. टिनाला चुना लावत नाहीत, म्हणून तो होता. त्या दाराशी उभ्या राहिल्या, फोटो निघाला, आणि त्या आत जाऊन वरणाला फोडणी देऊ लागल्या. मागच्या गल्लीतल्या निळ्या घराला तेव्हा कुलूप होतं आणि भिंत स्वच्छ होती. जूनमध्ये विहाराच्या भिंतीवर यादी लागली. बाईंनी ती दोनदा वाचली. सतरा होता, अठरा होता. सतरा-अ नव्हता. तेव्हा त्यांना शिडीवरून दिलेलं उत्तर आठवलं.

त्या दिवसापासून बाई अंकुशला सांगायचं म्हणत होत्या. आधी वाटलं, हरकतीत नाव येईल, मग सांगायची गरज उरणार नाही. मग वाटलं, साहेबांना गोधडी दाखवू. आता दाखवून झाली होती.

बसमधून उतरून त्या घरी गेल्या नाहीत. सरळ मागच्या गल्लीत गेल्या.

अंकुश भांडी पोत्यात भरत होता. भावना चुलीपाशी बसली होती. मयुरा भिंतीकडे तोंड करून होती, आणि तिच्या दंडावर दोन लांब वळ होते.

"हे काय वं भावना?"

भावनाने सांगितलं. काल रात्री पोरगी आपणहून बोलली होती, नंबर मी पुसला. का पुसला विचारलं तर तोंड उघडत नव्हती. भावनाचा हात उठला. घर गेलं होतं, तो कुणावर तरी उठणारच होता.

बाई उंबऱ्यावर बसल्या.

"तिनं नाही पुसला. तिनं मले विचारलं होतं. मी म्हनलं, मार. माह्यं काम आहे ते. तिले काही बोलू नको."

भावना हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"बाई, तुमची जिंदगी गेली पोट्ट्याईले झाकण्यात. ह्योच सांगते न. अंगणवाडीत याची चड्डी ओली झाली का तुमी म्हनाचे, माह्या हातून पानी सांडलं."

अंकुशही किंचित हसला. "खरंच म्हनाचे."

"अंकुश, मी खरं सांगून राहिली."

"जाऊ द्या न बाई. तुमचा जीव आहे तिच्यावर, मले मालूम आहे."

बाईंनी पुन्हा सांगितलं. शिडी, कुंचा, तीन हात, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितकी भावनाची मान नकारार्थी हलत गेली. शेवटी बाई मयुराला म्हणाल्या, तूच सांग. मयुराने मान वर केली, बाईंकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मीच पुसला."

बाईंनी दोन पिढ्यांच्या मुलांना सांगितलं होतं, मोठ्यांनी सांभाळून घेतलं की ते लक्षात ठेवावं, वेळ आली की आपणही त्यांना सांभाळून घ्यावं.

रविवारी टेम्पो आला. अंकुशने कारखान्याजवळ एक खोली पाहिली होती, तिथे दोन कुटुंबं आधीच होती. शाळेचं पुढे पाहू, असं ठरलं होतं. सामान चढत असताना मयुरा बाईंकडे आली.

"माह्यं घर द्या."

बाईंनी गोधडी पुढे केली. "सगळीच घेऊन जा."

"बाकीचे घरं दुसऱ्याईचे आहेत."

बाईंनी ब्लेड घेतलं आणि तिसऱ्या ओळीतलं निळं घर चारी बाजूंनी उसवून मोकळं केलं. गोधडीत वीतभर चौकोन पडला, खालचं जुनं लुगडं दिसू लागलं. मयुराने घर मांडीवर घेतलं आणि ब्लेडसाठी हात पुढे केला. मग ती नंबर उसवू लागली. एकेक टाका उचलून, कापडाला धक्का न लावता, शिकवलं होतं तसं. बाईंनी विचारलं,

"काहून काढून राहिली वं?"

"आईले दिसला का आई रडते."

दोरा निघाला. मयुराने कापड उजेडात धरलं. निळ्यावर सुईची भोकं रांगेने उभी होती. एक, सात, अ. वाचता येत होतं.

"हे असंच राहते का बाई?"

"धुतलं का बुजतेत."

बाहेर अंकुशने हाक मारली. मयुराने भोकांवरून बोट फिरवलं.

"मंग मी नाही धुवत," ती म्हणाली.

तिने घराची चौघडी करून दप्तरात ठेवली. उसवलेला लाल दोरा बोटाला गुंडाळला, काढला, बाईंच्या डब्यात नीट ठेवला, झाकण लावलं आणि गेली.