समुद्राचा दगड, सेलूचं पाणी

महादेवीचा सकाळपासून कशातच जीव नव्हता. एक भाकरी तव्यावर करपली, दुसरी थापायचीच राहिली. रत्नागिरीहून निघालेला तिचा धाकटा भाऊ मन्मथअप्पा कालच सेलूला उतरायचा होता. पण नामांतराच्या आंदोलनात गाडी वाटेत कुठंतरी अडवली होती. त्या दिवसांत गाडी वेळेवर आली तर नवल वाटायचं. भाऊ येईल, याची तिला खात्री होती. घोर होता तो त्याच्याजवळच्या ओल्या पोत्याचा. पोत्यात समुद्रातले दगड होते, आणि ते दगड जिवंत होते.

उन्हाळ्यात भावाकडं गेली तेव्हा ओहोटीला तिनं पाहिलं होतं : दगडाच्या भोकाभोकांतून पिसांसारखे तुरे बाहेर यायचे, सावली पडली की आत पळायचे. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. बसवंतरावांनी बायकोची हौस म्हणून काचेची पेटी करून दिली. कॅन भरभरून समुद्राचं पाणी आलं. हवेचं यंत्र बुडबुडे सोडू लागलं. आडव्या आल्या त्या सासूबाई, शांतम्मा. मन्मथअप्पा मासेमारी खात्यात कारकून, त्यावरून त्यांचा टोमणा ठरलेला, "लिंगायताचं पोरगं अन् नोकरी मासोळीच्या हापिसात!" पेटी पाहताच त्यांनी बजावलं, "मासोळी माझ्या घरात न्हाई. दगड ठेव की. दगडाला कोण न्हाई म्हणतंय?"

महादेवी 'बरं' म्हणाली. दगड कसले, ते मात्र बोलली नाही.

दुपारी मन्मथअप्पा टांग्यातून उतरला. अंगणात पोतं सोडलं. तीन दगड. पहिल्याला असा कुजका वास, की तिनं पदर नाकाला लावला.

"हा गेला, अक्का," तो म्हणाला.

उरले दोन. एक गोल, देखणा, जड. दुसरा वेडावाकडा, नुसती भोकं. हातात घेतला तर हलका, वास ओल्या खारट मातीचा.

"वाकडा घे. त्यात जीव टिकतो. अन् एकच ठेव. दोन ठेवले अन् एक मेला, तर पाणी नासून दुसराबी जाईल."

महादेवी एकदा हा हुंगी, एकदा तो. "गोलाचा वास काय वाईट न्हाई रे."

"लवकर कर. सुकायलेत."

इतक्यात शांतम्मा आडावरून घागर घेऊन आल्या. शेतात सापडलेला साधा गोटाही त्या धुऊन, विभूती लावून बेलापाशी ठेवायच्या.

"तसाच आत नेतीस व्हय? थांब, पाणी घालते." घागर कलली.

"घालू नका, आत्या! मरतील!"

"कोण मरतील?"

सांगावं तर पेटी रिकामी राहणार, न सांगावं तर गोडं पाणी पडणार. महादेवीनं दगडांवर हात आडवे धरले. "ह्यात जीव हाईत. गोड्या पाण्यानं मरतेत."

शांतम्मांनी घागर खाली टेकवली आणि वाकून पाहिलं. वाकड्या दगडाच्या भोकातून केसाएवढी बारीक मिशी बाहेर आली, चाचपडली, आत गेली.

"मासोळी नको म्हणले, तवा का बोलली न्हाईस?"

महादेवीनं घागर दगडांपासून लांब सरकवली.

"अन् ह्या गोल दगडात?"

"त्यातबी असतील, मावशी, पण पेटीत एकच ठेवायचा," मन्मथअप्पा म्हणाला.

"मंग एक आत नेऊन दुसरा उकिरड्यावर टाकणार व्हता व्हय तुमी? मासोळी आणू नको म्हणले मी. दारात आलेला जीव उन्हात वाळवा, असं कवा म्हणले? परत सोडायला सेलूत समुद्र हाय का? दोन्ही पेटीत टाका."

"मावशी, पण एक मेला तर..."

"टाका म्हणले ना!"

दोन्ही दगड पेटीत गेले. दिवेलागणीला वीज गेली आणि बुडबुडे थांबले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून महादेवी पेल्यानं पाणी उचलून उंचावरून सोडू लागली. तिचा हात भरून आला, तसा शांतम्मांनी पेला ओढून घेतला. त्यांची पूजेची वेळ टळत होती.

"वास बघ गं."

महादेवीनं पाण्याशी नाक नेलं. खारट वास. त्याच्या आत आणखी काही होतं का?

"काय झालं? बोल की."

"कळंना, आत्या. पुन्हा बघते."

"बघ," शांतम्मा म्हणाल्या. पण पेला काही थांबला नाही.